हवा बोलते, ऐकणारा हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने एखाद्या नव्या विषयाची माहिती करून घ्यावी आणि ती इतरांना सांगावी, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या वर्षी ती पाळी माझ्याकडे आली. ‘लेसरच्या प्रकाशाने हवेतला सूक्ष्म वायू ओळखणारे यंत्र’ हा विषय मी सांगितला, तेव्हा कार्यकारिणीतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. मसाल्याच्या कृतीची अपेक्षा होती, आणि ही बाई हे काय काढते आहे, असे त्यांना वाटले असावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझा भाचा भौतिकशास्त्र शिकतो. त्याला दोन रविवार जेवायला बोलावले आणि ताटावरून उठू न देता सगळे विचारून घेतले. मला जे समजले तेवढेच आज सांगणार आहे. आणि मला जे समजले ते तुम्हांला समजणार नाही असे होणार नाही, याची मला खात्री आहे.

स्वयंपाकघरात आपले मुख्य यंत्र म्हणजे नाक. दूध खाली लागू लागले, की डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. बेसन खमंग भाजले गेले की अजून कच्चे आहे, शेंगदाण्याचा कूट खवट झाला की काय, इडलीचे पीठ आंबले की नुसते शिळे झाले, हे सारे आपण वासावरून ठरवतो. एवढे असूनही या नाकात तीन उणिवा आहेत. पहिली अशी की ते लवकर सरावते. उदबत्तीच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्याला उदबत्तीचा वास येत नाही. दुसरी अशी की ते ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते, ‘किती’ ते सांगत नाही. आणि तिसरी उणीव सर्वांत मोठी. काही वायूंना वासच नसतो. आपल्या सिलिंडरातल्या गॅसलादेखील स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. शेगडीचे बटण चुकून उघडे राहिले म्हणजे जो कुजका वास येतो, तो मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा. गळती माणसांना कळावी म्हणून ते गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात. पण सगळ्याच वायूंत असे कोणी काही मिसळून ठेवत नाही.

मग जिथे नाक हरते तिथे काय करावे? शास्त्रज्ञांनी शोधलेला एक उपाय फार मौजेचा आहे. हवेचा वास घेण्याऐवजी ते हवा कानाने ऐकतात. या रीतीला फोटोअकौस्टिक म्हणतात. फोटो म्हणजे प्रकाश, आणि अकौस्टिक म्हणजे ध्वनीसंबंधीचे. प्रकाशाने काढलेला आवाज, असा त्याचा साधा अर्थ.

प्रकाशाने आवाज कसा होईल, असे तुमच्या मनात येईल. आधण आले म्हणजे पातेल्यावरचे झाकण थडथडते, हे आपण रोज पाहतो. उष्णतेने वाफ फुगते, दाब वाढतो, झाकण उचलले जाते, वाफ निसटली की ते खाली पडते. उष्णतेचा दाब झाला, आणि दाबाचा आवाज झाला. या यंत्रात तेच होते, फक्त अतिशय सूक्ष्म प्रमाणात. एका बंद नळीत हवा घेतात आणि तिच्यातून प्रकाशाचा झोत सोडतात. त्या हवेत आपल्याला हवा असलेला वायू असला, तर तो प्रकाशातला काही भाग गिळतो आणि किंचित तापतो. तापला की फुगतो, आणि नळीतला दाब वाढतो. झोत बंद केला की तो निवतो, आणि दाब उतरतो. चालत्या पंख्यामागून दिव्याकडे पाहिले म्हणजे उजेड जसा तुटक तुटक येतो, तसा हा झोत सेकंदात शेकडो, कधी हजारो वेळा तोडतात. म्हणजे दाबही तितक्याच वेळा चढतो आणि उतरतो. आणि दाबाचे असे भराभर चढणे-उतरणे म्हणजेच आवाज. नळीला एक बारीकसा मायक्रोफोन बसवलेला असतो, तो हा आवाज टिपतो. वायू जास्त तर आवाज मोठा. वायू कमी तर आवाज लहान. वायू नाहीच, तर आवाजही नाही.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. वायू मोजण्याची दुसरीही एक रीत आहे. हवेतून प्रकाश पलीकडे पाठवायचा आणि पोहोचेपर्यंत त्यातला किती कमी झाला ते पाहायचे. पण वायू अगदी थोडा असेल तर ते कठीण पडते. भरलेल्या हौदातून कोणी चमचाभर पाणी नेले, तर हौदाकडे पाहून ते सांगता येईल का? उलट कोरड्या परातीत एकच थेंब पडू द्या, टप्प असा आवाज येतो आणि बाहेरच्या खोलीत कळतो. आपली ऐकण्याची रीत ही परातीसारखी आहे. शांततेत पडलेला थेंब तेवढा तिला ऐकायचा असतो.

हा शोध कालचा नाही. टेलिफोन काढणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1880 साली अमेरिकेत तो लावला. प्रकाशाच्या झोतावरून माणसाचे बोलणे दूर पाठवता येईल का, यासाठी त्यांची आणि त्यांचे साहाय्यक टेंटर यांची खटपट चालली होती. ते करत असता त्यांना दिसून आले, की भोके पाडलेली तबकडी फिरवून उन्हाचा झोत तोडला आणि तो एखाद्या पातळ चकतीवर पाडला, तर ती चकती बारीक आवाज करते. मग त्यांनी नाना वस्तू उन्हात धरून पाहिल्या. काळ्या वस्तू अधिक बोलू लागल्या, आणि दिव्याची काजळी तर फारच मोठ्याने बोलली. भगिनींनो, आपण दिव्यावर वाटी धरून काजळ धरत आलो, पण काजळीला आवाज आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. काळा रंग प्रकाश अधिक गिळतो, म्हणून अधिक तापतो, म्हणून अधिक बोलतो, एवढेच त्याचे कारण. पुढच्याच वर्षी, 1881 मध्ये, इंग्लंडात टिंडल आणि जर्मनीत राँटगेन यांनी वायूंवर हाच प्रयोग केला. हे राँटगेन म्हणजेच पुढे क्षकिरणांचा शोध लावणारे. वायूदेखील प्रकाशाने बोलतात, हे त्यांनी दाखवून दिले.

एवढा सुंदर शोध, पण पुढे कित्येक वर्षे तो जवळजवळ तसाच पडून राहिला. 1938 साली रशियात व्हेंगेरॉव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच्या साहाय्याने वायूंचे मिश्रण तपासले, तेव्हा तो पुन्हा वर आला. अडचण दोन गोष्टींची होती. एक तर चांगले मायक्रोफोन नव्हते. आणि दुसरे, जसा हवा तसा प्रकाश नव्हता.

जसा हवा तसा म्हणजे कसा, ते सांगते. प्रत्येक वायूला प्रकाशाचे आपले ठरावीक रंग रुचतात, बाकीचे तो जसेच्या तसे पुढे जाऊ देतो. कुलपाला जशी आपलीच किल्ली लागते, तसे हे आहे. यांतले बरेचसे रंग आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. शेगडीसमोर बसले म्हणजे गालाला जी धग लागते, त्या जातीचे ते अदृश्य किरण असतात. ऊन किंवा दिवा यांत सगळे रंग एकत्र असतात. तो सगळा जुडगा एकदम कुलपांत घातल्यासारखे होते, आणि कोणते कुलूप उघडले ते कळत नाही. लेसरचा प्रकाश मात्र एकाच शुद्ध रंगाचा आणि अतिशय जोरकस असतो. ती एकच किल्ली. पहिला लेसर 1960 साली अमेरिकेत मेमन यांनी तयार केला.

आणि आता ऐका. या कामाला पुढे जो लेसर सर्वांत उपयोगी पडला त्यांपैकी एक, म्हणजे कार्बन डायॉक्साइडचा लेसर, तो शोधून काढणारा माणूस आपल्या पुणे जिल्ह्यात, बारामतीला जन्मला. चंद्रकुमार पटेल हे त्यांचे नाव. जन्म 1938 चा. म्हणजे रशियात हा शोध पुन्हा वर आला, त्याच वर्षीचा. पुण्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजातून 1958 साली ते पदवीधर झाले, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकले, आणि बेल यांच्याच नावाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. आपण श्वासावाटे जो वायू बाहेर टाकतो तोच नळीत भरून त्यांनी 1964 च्या सुमारास त्याचा लेसर जगापुढे ठेवला. हाच लेसर आज कारखान्यांत कापड, लाकूड आणि धातू कापतो, आणि शस्त्रक्रियेतही वापरला जातो.

1971 साली त्याच प्रयोगशाळेतल्या क्रॉयझर यांनी लेसरच्या प्रकाशाने ऐकून मिथेन वायू मोजला. एका अब्जात दहा भाग इतका थोडा मिथेनसुद्धा कळू शकेल, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी क्रॉयझर आणि पटेल या दोघांनी मोटारीच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड वायू असाच मोजला. पुढे पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी असे यंत्र एका मोठ्या फुग्याला बांधून 28 किलोमीटर उंच आकाशात पाठवले. तिथे हाच नायट्रिक ऑक्साइड उन्हाबरोबर वाढतो आणि सूर्य मावळला की ओसरतो, असे त्यांना आढळले. तो निबंध 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. हे कशासाठी, असे कोणी विचारील. उन्हातल्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवणारा ओझोनचा थर त्या उंचीवर आहे, आणि नायट्रिक ऑक्साइड त्या ओझोनला खातो. तिथे तो किती आहे हे मोजल्याशिवाय भीती खरी की खोटी ते कळणार नव्हते.

अब्जात एक भाग म्हणजे किती थोडे, याचा अंदाज मला काही केल्या येईना. तेव्हा मी तांदळाचा हिशेब मांडला. तांदळाचे पन्नास दाणे म्हणजे साधारण एक ग्रॅम. मग एक अब्ज दाणे म्हणजे दोनशे क्विंटल. दोनशे क्विंटल तांदळात दाण्याएवढा एकच खडा आहे, आणि तो निवडून काढायचा आहे. आपल्यापैकी कोणीही डोळ्यांना कितीही ताण दिला तरी तो सापडायचा नाही. हे यंत्र तो शोधते, आणि तेही खडा पाहून नव्हे, तर त्याचा आवाज ऐकून.

एवढा बारीक आवाज ऐकायचा, तर बाहेरच्या गलबल्याचे काय करायचे? त्यासाठी दोन युक्त्या आहेत, आणि दोन्ही आपल्या परिचयाच्या आहेत. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी आवाज केला, तर एका ठरावीक सुराला घागर घुमते. नळी अशा मापाची करतात, की ज्या गतीने प्रकाश तोडला जातो त्याच सुराला ती घुमावी. म्हणजे बारीक आवाज मोठा होतो. दुसरी युक्ती अशी, की यंत्राला फक्त त्याच सुराकडे लक्ष द्यायला लावतात. लग्नाच्या मांडवात शंभर मुले ओरडत असली, तरी आपले मूल रडले की आईला नेमके कळते. तसेच हे.

2002 साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी, राइस विद्यापीठात कॉस्टेरेव्ह, टिट्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक सुधारणा केली. मायक्रोफोन काढून त्याच्या जागी त्यांनी मनगटी घड्याळातला नादकाटा बसवला. घड्याळात गारेच्या जातीच्या स्फटिकाचा एक इवलासा दुबेळका काटा असतो. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, आणि त्यावरून घड्याळ सेकंद मोजते. हा सूर आपल्या कानांच्या पलीकडचा आहे. लेसरचा झोत या काट्याच्या दोन बेळक्यांमधून सोडतात. तिथे वायूने आवाज केला, की दोन्ही बेळकी एकमेकींपासून दूर-जवळ होतात आणि तेवढ्यानेच काटा थरथरतो. बाहेरून येणारा आवाज दोघींना एकाच बाजूला ढकलतो, म्हणून काटा त्याची दखल घेत नाही. दोघींच्या मधले बोलणे तेवढे ऐकायचे आणि गल्लीतल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचे नाही, असा या काट्याचा स्वभाव. आपल्यालाही तो घेण्यासारखा आहे.

आता याचा उपयोग काय, ते सांगते. सुरुवात आंब्यापासून करू. आढी घातली म्हणजे पेंढ्यात आंबे पिकतात, आणि एक पिकला की शेजारचे भराभर पिकू लागतात, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. कच्चे केळे पिकवायचे तर ते तांदळाच्या डब्यात पिकल्या फळाबरोबर ठेवायचे, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्यामागचे कारण म्हणजे इथिलीन वायू. आंबा, केळे, पपई, चिकू, टोमॅटो ही फळे पिकताना हा वायू सोडतात, आणि त्याच वायूने आणखी पिकतात. झाडे स्वतः इथिलीन तयार करतात, हे इंग्लंडात गेन यांनी 1934 साली सिद्ध केले. एका फळातून निघणारा इथिलीन अगदी थोडा. पण योगायोग असा, की पटेल यांच्या लेसरचे काही रंग इथिलीनला नेमके रुचतात. हॉलंडमधल्या नायमेखन इथल्या विद्यापीठात या रीतीने फळांतून आणि ऑर्किडच्या फुलांतून निघणारा इथिलीन मोजला गेला. फळाला सुरी न लावता, फूल न खुडता, ते केव्हा पिकू लागले किंवा कोमेजू लागले ते ऐकून सांगता येते. केळ्यांच्या गोदामात हे ज्ञान मोलाचे आहे, कारण एक घड लवकर पिकला तर सारी वखार पिकते.

कार्बाइडने आंबे पिकवण्याची वाईट चाल आपल्याला माहीत आहे. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो, आणि तो इथिलीनची नक्कल करतो. फळ वरून पिवळे होते, आत आंबट राहते. शिवाय बाजारातल्या कार्बाइडात आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचा अंश असतो. आपल्या देशात अन्न सुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी कार्बाइडने फळे पिकवायला बंदी आहे. पिकवण्याच्या खोलीत इथिलीन वायू सोडायला परवानगी आहे, पण दहा लाखांत शंभर भागांपर्यंतच. म्हणजे इथेही प्रश्न ‘किती’ हाच आला, आणि ‘किती’ हे नाक सांगू शकत नाही.

गोठ्यातही या यंत्राचे काम आहे. शेणामुतातून उठणारा अमोनिया गुरांना आणि शेण काढणाऱ्या बाईला सारखाच बाधतो. गाई-म्हशींच्या रवंथातून मिथेन निघतो. हे दोन्ही वायू मोजायला संशोधक अशी यंत्रे गोठ्यात नेऊन ठेवतात. विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलातही ते असेच ऐकतात. आत ठिणग्या उडू लागल्या की तेलात ॲसिटिलीन तयार होतो, आणि तो वेळीच कळला तर पुढचा स्फोट टळतो. माणसाच्या श्वासावरही प्रयोग चालू आहेत. दमेकऱ्याच्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड वाढतो, मूत्रपिंड बिघडलेल्याच्या श्वासात अमोनिया वाढतो. सुई न टोचता, नुसत्या फुंकरीवरून आजार ओळखता आला, तर लहान मुलांच्या आयांना केवढा आधार होईल!

यंत्राचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ज्या वायूसाठी लेसर जुळवला, तोच वायू त्याला ऐकू येतो. हवेतली वाफदेखील प्रकाश गिळते, म्हणून पावसाळी हवेत हिशेब सांभाळून करावा लागतो. आणि लेसरचे असे यंत्र अजून प्रयोगशाळांत आणि कारखान्यांतच शोभते, आपल्या फडताळात ठेवण्याजोगे नाही. मात्र याच तत्त्वावरची, लेसरऐवजी साध्या अदृश्य किरणांच्या दिव्यावर चालणारी, बोटाच्या पेराएवढी लहान यंत्रे आता निघाली आहेत. खोलीत माणसांच्या श्वासाने हवा किती कोंदली आहे, ते ती सांगतात. शाळांच्या वर्गांत आणि आपल्या मंडळाच्या या खोलीतही त्यांचा उपयोग होईल. आज खिडक्या बंद आहेत, आणि मागच्या ओळीतल्या दोघी जांभया देत आहेत. तो दोष माझ्या भाषणाचा की हवेचा, हे त्या यंत्राने सांगितले असते.

भगिनींनो, हा विषय मी का निवडला, ते आता सांगते. मागच्या थंडीत आमच्या आळीतली एक सून न्हाणीघरात बेशुद्ध पडली. घरात गॅसवर पाणी तापवणारा गीझर होता, तोही न्हाणीघराच्या आतच. थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला. दार फोडून तिला अंगणात आणले, रिक्षात घालून दवाखान्यात नेले, तिथे प्राणवायू दिला, आणि ती वाचली. पण ती पडली त्याच्या आधी पंधरा दिवस ती घरात सांगत होती, की आंघोळ केली म्हणजे माझे डोके ठणकते, मळमळते, पाय लटपटतात. कोणी म्हणाले, उपास करतेस म्हणून. कोणी म्हणाले, कामाचा कंटाळा. कोणी म्हणाले, काही गोड बातमी आहे काय? सगळ्यांनी आपापले निदान केले, पण तिचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही.

तिला बाधला तो वायू कार्बन मोनॉक्साइड. हवा अपुरी पडली आणि ज्योत नीट जळली नाही, म्हणजे तो होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तरी होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेतो, पण तो अंगी लागत नाही. हे फोटोअकौस्टिक यंत्र तोही वायू ऐकू शकते. घरात लावायच्या कार्बन मोनॉक्साइडच्या घंट्या मिळतात, त्या दुसऱ्या, रासायनिक तत्त्वावर चालतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती जरूर लावावी. पण ती नसली तरी त्या घरात एक यंत्र होते, आणि ते पंधरा दिवस बोलत होते. ते यंत्र म्हणजे ती मुलगी.

बेल यांना चकतीतून आवाज आला तेव्हा ‘हा भास आहे’ म्हणून ते पुढे गेले नाहीत. कशाने येतो, केव्हा वाढतो, काळ्या वस्तूतून जास्त का येतो, असे ते विचारत राहिले. आपल्या घरांत मात्र बाईला वास आला तर तो भास ठरतो आणि तिचे डोके दुखले तर ती सबब ठरते. यंत्राचा आकडा पाहिला की सगळे मानतात, कारण यंत्राचे लाड करून घेण्याचे वय नसते. यंत्रे यावीत, घरोघर यावीत. पण तोवर, आणि त्यानंतरही, ज्या बाईला काही जाणवते तिला तीन प्रश्न विचारायला खर्च येत नाही. केव्हा होते? कोठे होते? मोकळ्या हवेत आल्यावर कमी होते का? त्या मुलीला हे तीन प्रश्न कोणी विचारले असते, तर उत्तर तिसऱ्या प्रश्नातच मिळाले असते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दिवाळी झाली की थंडी पडायच्या आत आपण दोघी-दोघींच्या जोड्या करू, आणि आपल्या आळीतल्या ज्या घरांत गॅसचा गीझर आहे तिथे जाऊन चार गोष्टी पाहू. गीझर न्हाणीघराच्या बाहेर आहे का? असला पाहिजे. झरोका उघडा आहे का? त्याला पुठ्ठा, कापड, वर्तमानपत्र काही नको. ज्योत निळी आहे की पिवळी? पिवळी असेल तर माणूस बोलावून दुरुस्ती करून घ्यावी. आणि गीझर आत असल्यास, तो बाहेर हलवेपर्यंत, आधी बादली भरून गीझर बंद करायचा आणि मग आंघोळीला बसायचे, ही सवय घरातल्या सर्वांना लागली आहे का? या चार गोष्टी पाहून झाल्या, की घरातल्या सुनांना आणि मुलींना ते तीन प्रश्न विचारायचे. सासूबाईंच्या देखत विचारायचे, म्हणजे त्याही ऐकतील.

दोनशे क्विंटल तांदळातला एक खडा ऐकणारे यंत्र माणसाने केले. घरातल्या घरात एकमेकींचे ऐकणे त्याहून अवघड नसावे.

 आता कोणीतरी उठून खिडक्या उघडाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.